पाठमोऱ्या राणीसाहेबांची डाळिंबी चोळी

शालन, तुला बसवून नेलं.

तुमच्या लिंगायतांत बसवूनच नेतात हे काय मला ठाऊक नव्हतं? पण इतकी वर्षं शेजारी बसून सुई ओढली, तरी ही गोष्ट कधी डोळ्यांपुढं आणली नव्हती. फुलांनी मढवलेली खुर्ची, कपाळभर भस्म, अंगावर हिरवीगार जरीकाठाची साडी आणि तोंड सगळ्या शिवाजी पेठेकडं. पुढं भजन, मागं तुझे मालक. नवरा हयात असताना गेलीस, म्हणजे हिरवी साडीसुद्धा हक्काची. तालमीच्या कट्ट्यावरची पोरं फुटबॉल काखेत धरून उठून उभी राहिली.

लोकांना वाटलं, अक्का दुःखानं खांबाला टेकलीय. मी जळत होते गं. आमच्यात आडवं नेतात. तोंड आभाळाकडं, बघणाऱ्याला दिसतात ते पायाचे अंगठे. आणि तू निघालीस ती ताठ, समोरून, सगळ्यांना तोंड दाखवत. आयुष्यभर मी तुला ज्यावरून चिडवलं, त्याचं उत्तर असं जाता जाता देऊन गेलीस.

फक्त तुझ्या झंपराचा डावा खांदा उतरला होता. घाईत सुनेनं स्वतःचाच नवा झंपर घातला असणार. माझ्या पदराला सुई टोचलेली होती, दोन टाक्यांचं काम. हात शिवशिवला, पण पुढं सरकले नाही. तुझ्या अंगावरच्या कपड्याला पुन्हा हात लावायचा नाही, असं मी फार पूर्वी ठरवलं होतं. का, ते तुला सांगायचं राहिलं. रोज उद्यावर ढकललं आणि तू तर निघून गेलीस. आज अकरा दिवस झाले. आता ऐक.

माझ्या नातीला आपलं काम समजावून सांगताना माझी पुरेवाट होते. ड्रेपरी म्हणजे नाटक-सिनेमाला कपडे भाड्यानं देणारं दुकान, इथपर्यंत तिला कळतं. पण आप्पांच्या ड्रेपरीत राजे, सरदार, भिकारी आणि साधू एकाच दांडीला कसे लटकायचे, ते तिला कुठून दिसणार? आणि आप्पांचा तो नियम! बाजूच्या शिवणी मशीनवर मारायच्या नाहीत, हातानंच घालायच्या, आणि आत चार बोटं कापड राखायचं. आजची राणी बारीक, उद्याची जाड. शिवण उसवायची, सैल करायची नाहीतर आत घ्यायची, आणि पुढच्या मालिकेला पाठवून द्यायची. तेवढ्यासाठी आपण दोघी होतो. मी पेठेतलीच. तू शिरोळकडची, लग्न होऊन इथं आलेली, पहिल्या दिवशी मला 'अक्का' म्हणालीस ती शेवटपर्यंत. वयानं दोनच वर्षं लहान होतीस, पण मला म्हातारी करून टाकलंस.

तू डावरी. त्यामुळं तुझे टाके एका बाजूला कलायचे आणि माझे दुसऱ्या. आप्पा चष्मा कपाळावर ढकलून कपड्याची उलटी बाजू बघायचे नि सांगायचे, "ही अक्काची. ही डावरीची." आपलं भांडण त्यावरूनच.

"डाव्या हाताची शिवण सुटत न्हाय अक्का. कात्रीच लागती."

"गाठीवर गाठी मारतीस, सुटंल कशी?"

"बघ की उसवून."

"मला दुसरे धंदे हाईत."

हे भांडण कधी मिटलं नाही. त्याचं पुढं सांगते.

नव्वदीच्या सुरुवातीला टीव्हीवर ऐतिहासिक मालिकांचं पीक आलं आणि आपल्या दुकानाचं नशीब उघडलं. लोक इतिहास बघायचे, आपण कपडे बघायचो. तो काळा अंगरखा आठवतो ना? पहिल्या मालिकेत सेनापतीला तलवार लागली, बरगडीखाली भोक पडलं. आपण रफू केलं. दुसऱ्या मालिकेत शत्रूचा सरदार त्याच भोकातून मेला, कारण तयार भोक असताना नवं कशाला फाडायचं? तिसऱ्या मालिकेत एक फितूर मेला. एका भोकात तीन माणसं गेली. चौथ्या वेळी तो अंगरखा दरबारातल्या कारकुनाच्या अंगावर गेला आणि भोक झाकायला आपण शेला सोडला. तू म्हणालीस, "ह्यो तरी म्हातारपणानं मरंल."

रविवारी सकाळी आप्पांच्या पुढच्या खोलीत सगळी गल्ली टीव्हीसमोर बसायची. त्या सेनापतीच्या मरणाला बाया हुंदके देत होत्या, आप्पांनीही डोळे पुसले, आणि मी सगळ्यांच्या मधून किंचाळले, "अगं बाई, काखेत उसवला!" सगळी खोली माझ्याकडं वळली. तू पदर तोंडात कोंबून भिंतीकडं तोंड केलंस, पण तुझे खांदे हलत होते. खरं म्हणजे उसवली होती ती तुझी बाजू. पण तू ते मान्य केलं नाहीस.

आणि आपली डाळिंबी चोळी. मखमलीची, आत मांजरपाटाचं अस्तर. पुढची गाठ नुसती दाखवायला, खरे हूक पाठीला. पहिल्यांदा ती राणीसाठी शिवली, बाहीला मोत्यांची ओळ लावली. मग मोती काढून टिकल्या लावल्या, ती सरदाराच्या बायकोला गेली. टिकल्या काढून घुंगरं लावली, ती नाचणारीला गेली. मखमल तीच, डाग तेच, बाई नवी. राणीपासून दासीपर्यंत उतरायला त्या चोळीला दहा-बारा वर्षं लागली. खऱ्या राण्यांना म्हणे एवढासुद्धा वेळ मिळत नव्हता.

पहिली राणी होती तेव्हाची गोष्ट. पन्हाळ्यावर शूटिंग होतं, आपण दोघी कपडे घेऊन गेलतो. राणीचं काम करणारी बाई आजारी पडून मुंबईला परतली होती आणि एक दृश्य राहिलं होतं. राणी देवळाच्या पायऱ्या चढून जाते, एवढंच, पाठमोरी. ड्रेसवाला म्हणाला, तिच्या उंचीची कोणीतरी बाई पाहिजे.

आता त्या वेळची मी डोळ्यांपुढं आण. पंचेचाळिशी ओलांडलेली, दोन पोरांची आई, आणि शूटिंगला जायचं म्हणून तोंडाला एवढी पावडर की दळणाच्या गिरणीतनं आल्यासारखी. केसात अबोलीचा गजरा. सकाळपासून मी त्या कॅमेऱ्याच्या आसपास विनाकारण घड्या घालत फिरत होते. माणूस म्हणाला "बाई पाहिजे", आणि मी दोन पावलं पुढं! पोट आत, हनुवटी वर. त्यानं माझ्या खांद्यावरून पलीकडं बघितलं.

"त्या मागच्या बाईंना उभं करा. पाठ बघा कशी ताठ आहे."

तू पेटीवर बसून शेंगा सोलत होतीस. म्हणालीस, "मी न्हाय बाबा. अक्काला घ्या, अक्काला हौस हाय."

हौस हाय म्हणे! तेव्हा मला जमीन फाटून आत घ्यावी असं झालं, आणि जमीन फाटली नाही म्हणून मीच तुझ्या पाठीचे हूक लावले. शिरोळच्या मळ्यात डोक्यावरून पाण्याच्या घागरी वाहून तुझी पाठ तशी झाली होती. माझ्या तर दारातच नळ. हूक झाकायला शेला मीच सोडला. तू चढून गेलीस, शेंगांची फोलपटं अजून ओच्यात, आणि सगळे वळून बघायला लागले. मी बघितलं ना, कॅमेऱ्यामागचा माणूससुद्धा हात थांबवून उभा होता. तू वळून एकदा माझ्याकडं बघितलंस, तर तो ओरडला, "वळू नका हो!"

त्या रविवारी आप्पांच्या खोलीत टाळ्या पडल्या. तालमीच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी म्हणाले, "पाठच दिसली की नुसती."

तू म्हणालीस, "व्हय. तोंड बघून पळालं असतं लोक."

तेव्हापासून मी तुला 'पाठमोऱ्या राणीसाहेब' म्हणायला लागले. दुकानात, भाजीमंडईत, हळदीकुंकवात, सगळीकडं. तू हसायचीस. तुझ्या हसण्यानं माझं आणखी जळायचं. राग आला असता तर निदान फिट्टंफाट झाली असती.

मग दहा-बारा वर्षं गेली. चॅनेल वाढले, मालिका वाढल्या, आपले केस पांढरे झाले. पन्नाशी दोघींनी ओलांडली. आणि आता टक्कल पडलेल्या त्याच ड्रेसवाल्याचा निरोप आला. नव्या मालिकेत राणीची जुनी दासी पाहिजे. त्या पायऱ्या चढलेल्या बाईंनाच पाठवा. या वेळी समोरून. आणि बोलायचं सुद्धा! एकच वाक्य: "राणीसाहेब, गडाचे दरवाजे बंद झाले."

दासीला कपडा कोणता? आपली डाळिंबी चोळी. घुंगरं काढली, साधा काठ लावला. लगेच तू घालून बघितलीस, हातमोजा बसावा तशी बसली.

आठ दिवस तू दुकानभर ते वाक्य म्हणत फिरलीस. "राणीसाब, गडाचं दरवाजं बंद झालं की!"

"शालन, राणीपुढं 'की' म्हणतात व्हय? ती काय भाजीवाली हाय?"

"मग कसं म्हणू?"

आणि मी शिकवत होते गं! तोंडानं 'दरवाजे' शिकवत होते आणि पोटात निखारा. त्या माणसानं निरोपात माझं नावसुद्धा घेतलं नव्हतं. मी पन्नाशी उलटलेली बाई, नातवंडाची आजी होऊ घातलेली, आणि वर्गात दुसरीला कविता म्हणायला उभं केलं म्हणून रुसलेल्या पोरीसारखी.

शूटिंगच्या आदल्या दुपारी तू जेवून मालकांचं औषध आणायला गेलीस. दुकानात मी आणि ती चोळी. मी अस्तर उसवलं. दोन्ही बाजूंची शिवण बाहीसकट दीड-दीड बोट आत घेतली, दुहेरी लाल दोऱ्यानं, घट्ट. वरून अस्तर परत बंद करून टाकलं. इतकं सुबक काम मी जन्मात केलं नव्हतं.

तू आलीस, घातलीस. पाठीचे हूक तीन बोटं लांब राहिले. आरशात बघत म्हणालीस, "अक्का, परवा तर बसली हुती."

आणि मी म्हणाले, देवा, मी म्हणाले, "मखमल आटत न्हाय, शालन. माणूस फुगतंय."

"सैल कर की मग. आत कापड असंल."

"संपलंय. नाचणारीच्या वेळीच सगळं सोडलंय."

तू माझ्याकडं बघितलंस. थोडं जास्तच बघितलंस, असं आता वाटतं. मग चोळीची घडी घालून पिशवीत टाकलीस. "घरी बघतो परत. येतो गं अक्का."

सकाळी चोळी आणून सतरंजीवर ठेवलीस. "न्हाय बसत. दुसरीला घिऊ दे."

आप्पा हळहळले आणि मग म्हणाले, "अक्का, तू जा की मग." मी लगेच आत गेले, चोळीत हात घातला, आणि बाही कोपराच्या वर चढेना. माझ्याच शिवणीत मीच अडकले. तू मागून ओढत होतीस नि म्हणत होतीस, "श्वास सोडा, राणीसाहेब." आप्पा बाहेरून ओरडले, "अगं सैल करून घ्या!" माझ्या ओठावर आलं होतं, हो, आत्ता करते. तेवढ्यात तूच पलीकडं सांगितलंस, "कापड संपलंय आप्पा. अक्कानंच बघितलंय."

मी बाही कोपरातून सोडवून घेतली.

एक बारीकशी पोरगी गेली शेवटी. मालिका लागली तेव्हा आपण दोघी शेजारी बसलो होतो. ती पोरगी वाण्याला निरोप सांगावा तशी म्हणाली, गडाचे दरवाजे बंद झाले. आणि तिच्याबरोबर तुझे ओठ हलले. अगदी स्वच्छ म्हणालीस, 'की' नाही, काही नाही. मग माझ्याकडं वळून हळूच विचारलंस, "बरोबर म्हणलं की, अक्का?"

त्याच वेळी सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं.

आणि पुढचे ते महिने! रोज दुपारी डबा उघडायचीस, भाकरी मधोमध मोडायचीस. अर्धी स्वतः खायचीस आणि अर्धी माझ्यापुढं सरकवायचीस. "तू खा अक्का. माझं वजन वाढलंय." नाही म्हणावं तर कोणत्या तोंडानं? गुन्हेगारासारखी मुकाट खायची. तुझ्या हातचा खर्डा असायचा, डोळ्यांत पाणी यायचं, तू विचारायचीस, "तिखट लागलं का गं?" मी म्हणायचे व्हय. माझी भाकरी आणि वर तुझी अर्धी. फुगले मी. माझे सगळे झंपर मला सैल करावे लागले, आणि तू शेजारी बसून ते बघायचीस.

पुढं आप्पा थकले, ड्रेपरी बंद झाली. दांडीवरचं जे उरलं त्यातून एकेक कपडा आठवण म्हणून घ्या म्हणाले. माझा हात चोळीकडं जायच्या आत तू ती उचललीस. मी तो तिघांना खाल्लेला अंगरखा घेतला. तुझ्याकडं मखमल आणि माझ्याकडं भोक. घरी येऊन मी नवऱ्याच्या फोटोसमोर तासभर चिडचिड केली.

परवा तुझी सून आली. हातात प्लास्टिकची पिशवी. म्हणाली, "आत्याबाई जायच्या आधी बोलल्या होत्या. ही अक्काला दे. तिच्या मापाची हाय."

पिशवीत डाळिंबी चोळी. मी हसले, आणि मग रडले, समोर पोरगी बसलेली तरी. म्हटलं, बाई, हिच्यात माझा दंडसुद्धा जात नाही. आणि तुझ्या सासूनं या चोळीपायी कितीक महिने अर्धी भाकरी खाल्ली.

ती पोरगी माझ्याकडं बघतच राहिली. "आत्याबाईंनी? अर्धी? कवा? संध्याकाळी दारात पाऊल टाकलं की पहिल्या दोन भाकऱ्या लागायच्या त्यांना. म्हणायच्या, दुपारी उपास असतोय माझा."

ती गेल्यावर मी चोळी खिडकीत नेली. उजेडाला धरली. अस्तर मी बंद केलं होतं ना? माझे टाके उजवीकडं कलतात. हे टाके डावीकडं कललेले होते.

मी उसवायला बसले. सुईनं उकलेना, नखानं उकलेना. शेवटी कात्री लागली. मान्य, शालन. डाव्या हाताची शिवण सुटत नाही. आपलं भांडण मिटलं.

आत चारही बोटं कापड होतं. आणि माझा दुहेरी लाल दोरा कुठंच नव्हता. मखमलीला टोचलेली भोकं बुजत नाहीत, माझी सगळी भोकं जागच्या जागी होती. पण त्या भोकांतून तुझा एकेरी काळा दोरा गेला होता. म्हणजे त्या दिवशी घरी जाऊन तू सगळं उसवलंस. चोळी घातली असशील, कपाटाच्या आरशापुढं उभी राहिली असशील. मापात बसली असणार. ते वाक्यही म्हणाली असशील. आणि मग काढलीस, आणि माझ्याच भोकांतून, माझ्याच मापानं, टाक्याला टाका लावून पुन्हा आत घेतलीस. आणि सकाळी आणून ठेवलीस. न्हाय बसत म्हणालीस.

का गं?

दोन दिवस हेच विचारते आहे. कॅमेऱ्याला घाबरलीस म्हणावं, तर पायऱ्या चढताना घाबरली नव्हतीस. मला आप्पांपुढं उघडी पाडायची नाही म्हणून? मला वाईट वाटू नये म्हणून? तसं असेल तर मग ती अर्धी भाकरी कशाला? रोज दुपारी माझ्यापुढं सरकवायचीस, मी गिळायची, आणि तू मनात हसायचीस! चांगुलपणाही तुझाच आणि खोडीही तुझीच. मला काय ठेवलंस? मी आयुष्यात एकच धडाचं पाप केलं होतं. चोरून, निगुतीनं, दुहेरी दोऱ्यानं. इतकी वर्षं ते उशाला घेऊन झोपले. तुला मीच अडवलं, असं वाटत होतं मला. तेही तू माझं राहू दिलं नाहीस. अडली होतीस ती तुझी तू. जळू नको तर काय करू?

पण तुला सांगते, त्या दिवशी तुझ्या मिरवणुकीत मी तुझं तोंड नीट बघितलं. इतकी वर्षं शेजारी बसलो, दोघींचीही नजर सुईवर. समोरून तू अशी दिसतेस, हे मला त्या दिवशी कळलं. त्या टकल्या माणसाला काय कळत होतं ते मला कळायला एवढा वेळ लागला. देखणी दिसत होतीस गं. पाठीपेक्षासुद्धा.

माझी सून म्हणते, आई, कापड आहे ना आत, सैल करून ठेवा, कधीतरी अंगाला लागेल. तिला मी हात लावू दिला नाही. अस्तर मी परत बंद केलं, पण आतल्या तुझ्या टाक्यांना कात्री लावायची नाही. माझ्या जाण्याच्या दिवशी ती चोळी माझ्या अंगात पाहिजे, आडवी नेली तरी. म्हणून परवापासून अर्धीच भाकरी खाते. मधोमध मोडते आणि उरलेली अर्धी सवयीनं शेजारी सरकवते. थोडा वेळ वाट बघते. कोणी घेत नाही.

मग तीही मीच खाते. अशानं ती चोळी माझ्या अंगात कधी जायची, तूच सांग.